अनामत

वाचनालयाच्या खिडकीशी सभासद व्हावयास गेले, की प्रथम कानी पडतो तो शब्द 'अनामत'. मुळात हा अरबी 'अमानत'. विश्वासाने दुसऱ्याच्या हाती सोपविलेली ठेव. आपण मात्र पुस्तक परत न आल्यास बुडावयाच्या पैशाला हे नाव दिले. मग प्रश्न पडतो : ज्याच्यापाशी पैसा नाही, त्याच्यावर विश्वास ठेवावयाचा की नाही?

आमच्या छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे जुन्या औरंगाबादेत, ग्रंथ व अन्न एकेकाळी शेजारी नांदले. पाणचक्कीच्या दर्ग्यात यात्रेकरूंसाठी धान्य दळले जाई आणि तेथेच ग्रंथसंग्रहही होता. पुढे निजामी अमलात सरकारी शिक्षणाचे माध्यम उर्दू झाले, तेव्हा बळवंत वाचनालयासारख्या संस्थांनी मराठी वाचन जगविले. 1955 साली हैदराबाद राज्याचा ग्रंथालय कायदा झाला, 1967 साली महाराष्ट्राचा. या दुसऱ्या कायद्याने अनुदान दिले. ग्रंथालयकर बसविला नाही. वर्गणी आणि अनामत चालूच राहिली.

काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गातील एका मुलाची अनामत मी भरली. दिवाळी झाली आणि आईबापांबरोबर तो ऊसतोडीला गेला; पुस्तकही गेले. पैसे बुडाले याचे दुःख फार नव्हते. फसलो, हे मनाला लागले. त्याच सुमारास एका मुलीने तशीच विनंती केली. "पुढच्या वर्षी बघू," मी म्हणालो.

उन्हाळ्यात मुलगा दारी आला. पुस्तकाला सिमेंटच्या पिशवीच्या कागदाचे कव्हर होते. "सर, पाचटाची ठिणगी उडू नये म्हणून पेटीतच ठेवलं होतं," तो म्हणाला. मुलीला बोलवावयास गेलो, तो तिने शाळा सोडली होती.

ग्रंथपालाला मी दोष देत नाही. हरवलेले पुस्तक पुढच्या वाचकाच्या हातून जाते. ते जपणे हेही नीतीचेच काम. पण तारण पैशाचेच का असावे? शिक्षकाची वा शेजाऱ्याची सही का चालू नये? पुस्तक हरवले तर सही करणाऱ्याने भरून द्यावे. एखादे वेळी तो फसेल. फसल्याची किंमत पुस्तकाएवढी असते. अविश्वासाची किंमत किती, ते मला त्या मुलीच्या रिकाम्या बाकाने शिकविले. ती मात्र मी भरली नाही, तिने भरली.