देवाचे उत्पन्न आणि देवाचा उत्सव

भाद्रपदाचा शुक्लपक्ष लागतो तेव्हा कारेगावच्या शिवारात बाजरीच्या कणसांत दाणा भरू लागलेला असतो, आणि माघातील चतुर्थी येते तेव्हा त्याच शिवारातला शाळू हुरड्याचे दिवस ओलांडून काढणीकडे झुकलेला असतो. पंचांगाने या तिथी अखिल भरतखंडासाठी नेमल्या आहेत हे खरे. तथापि भीमा आणि घोड या दोन नद्यांमधल्या ह्या कोरडवाहू मुलखात त्या दोन पिकांच्या तोंडाशी येतात, आणि म्हणूनच शेजारच्या रांजणगावच्या महागणपतीचे हे दोन उत्सव इथल्या माणसाच्या वर्षाला दोन खांबांसारखे आधार देत आले आहेत. चतुर्थीच्या आधीच्या दिवसांत देवाची पालखी चारी दिशांच्या द्वारांकडे, म्हणजे आसपासच्या गावशिवारांतील देवीस्थानांकडे, निघते. चिंचवडच्या मोरया गोसावींच्या संस्थानातूनही भाद्रपदात आणि माघात अशीच पालखी मोरगावच्या मयूरेश्वराकडे जाते. ज्याच्या नावे सनदा झाल्या, ज्याच्या दिवाबत्तीसाठी सरकारातून नेमणुका मिळाल्या, तो देव वर्षातून दोनदा आपले स्थान सोडून लोकांच्या रस्त्यावर येतो, ही गोष्ट वाटते तेवढी साधी नाही. तिच्या पोटात एक जुना आणि अवघड प्रश्न दडलेला आहे. देव एखाद्या वस्तूचा मालक होऊ शकतो काय?

हा प्रश्न आधुनिक संशयवाद्याने काढलेला नाही. तो वेदप्रामाण्याचे सर्वांत कडवे अभिमानी असलेल्या मीमांसकांनीच उपस्थित केला. जैमिनीच्या सूत्रांतील नवव्या अध्यायाच्या पहिल्या पादावर भाष्य करताना शबरस्वामींनी स्पष्टच म्हटले की, देवाचे गाव, देवाचे शेत असे लोक बोलतात तो केवळ औपचारिक व्यवहार होय. कारण ज्या वस्तूचा विनियोग मनुष्य आपल्या इच्छेनुसार करू शकतो तीच त्याची मालमत्ता, आणि देवता गावाचा किंवा शेताचा असा विनियोग करताना कुणाला दिसत नाही. देवतेला उद्देशून जे टाकले जाते त्यावर तिच्या परिचारकांचा निर्वाह होतो, इतकेच तथ्य त्यांनी मान्य केले. श्रद्धावंताला हे कठोर वाटते, परंतु त्यातला विचार प्रामाणिक आहे.

अर्वाचीन न्यायालयांनी नेमकी उलट वाट धरली. १९२५ साली कलकत्त्याच्या मल्लिक घराण्यातील कुलदेवतेच्या मूर्तीवरून वाद लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला, तेव्हा मूर्ती ही कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती आहे, एवढेच नव्हे तर तिने कोठे राहावे याविषयी तिच्या इच्छेचा मान राखला पाहिजे, आणि ती इच्छा मांडण्यासाठी निःस्वार्थ मनुष्य नेमला पाहिजे, असे तेथील न्यायाधीशांनी ठरविले. शबरस्वामी म्हणतात, देवाला विनियोगाची इच्छा नाही. न्यायालय म्हणते, आहे, पण ती दुसऱ्याच्या मुखाने बोलते. माझे मत असे की या दोन्ही उत्तरांत मालकीचा अर्थ एकच धरला आहे, वस्तू हाताखाली असणे आणि ती हवी तशी वापरणे. आणि तो अर्थच इथे अपुरा पडतो.

आपल्याकडच्या देवस्थानांच्या जुन्या सनदा कशासाठी लिहिल्या गेल्या ते पाहिले म्हणजे हा अपुरेपणा ध्यानात येतो. त्यांत देवाला जमीन द्यावी आणि ती देवाने राखावी एवढाच हेतू नसे; नंदादीप, नैवेद्य, पूजाअर्चा, वाजंत्री, आल्यागेल्या अतिथीचे अन्न, उत्सवाचा खर्च, अशा विनियोगांची तरतूद त्यात असे. देवाला दिले ते उत्पन्न नव्हे, खर्च दिला, असेच म्हटले पाहिजे. जो मालक साठवू शकत नाही, ज्याच्या कोठीत आलेले धान्य तिथीवर बाहेर पडलेच पाहिजे, अशा विलक्षण मालकाची ही कल्पना आहे. त्या दृष्टीने उत्सव हा संस्थानाचा अलंकार नसून त्याच्या स्वामित्वाचा एकमेव पुरावा ठरतो. ज्या वर्षी उत्सव झाला नाही त्या वर्षी देवाची जमीन कागदावर देवाची आणि वस्तुतः वहिवाटदाराची. १८५२ च्या कायद्याने अधिकार मिळालेले इनाम कमिशन दप्तरे उलगडून कोणाची सनद खरी याची चौकशी करीत फिरले, आणि पुढे १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याने धर्मादाय आयुक्ताकडे हिशेब देण्याचे बंधन आले. या दोन्ही व्यवस्था आपापल्या जागी योग्य असतील, परंतु कागद तपासणाऱ्याला न दिसणारा पुरावा दरवर्षी पालखीबरोबर पायी चालत असतो.

याची दुसरी बाजू पुण्याच्या इतिहासात आहे. श्रावणमासी विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटण्याची जी प्रथा तळेगावच्या खंडेराव दाभाड्यांनी सुरू केली आणि पुढे पेशव्यांनी आपल्याकडे घेतली, तिच्या वेळी पर्वतीच्या पायथ्याच्या रमण्यात दूरदूरच्या प्रांतांतून शास्त्री जमत. तो सोहळा पेशवाईच्या वैभवाचा कळस होता. १८१८ मध्ये राज्य गेले, एल्फिन्स्टनने ती रक्कम वर्षाला पन्नास हजारांवर आणली, तिच्यातूनच १८२१ साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली, आणि त्या पैशाने पुढे विद्येची मोलाची सेवा झाली हे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. परंतु उत्सव म्हणून रमणा संपला तो संपलाच. देणारा एक आणि घेणारे एका वर्णाचे, अशी त्याची रचना होती. देणाऱ्याची दौलत गेली तेव्हा त्याला सांभाळायला कोणी उरले नाही. रांजणगावालाही पेशव्यांचा आणि त्यांच्या सरदारांचा आश्रय होता; गाभारा माधवराव पेशव्यांनी बांधविला, सभामंडप इंदूरच्या किबे सरदारांनी, असे परंपरा सांगते. तेही आश्रयदाते गेले. मात्र द्वारयात्रा राहिली, कारण तिचे भांडवल कोणाच्या खजिन्यात नव्हते, गावोगावच्या माणसांच्या पायांत होते.

आता त्या पायांविषयीच विचार करण्याची वेळ आली आहे. गेल्या तीसेक वर्षांत नगर रस्त्याच्या कडेचे हे शिवार औद्योगिक वसाहतीत गेले. बाजरी आणि शाळू पिकत होता तेथे मोटारी, धुलाईयंत्रे आणि शीतकपाटे तयार होतात, आणि कारेगावच्या चाळींत मराठवाड्यातून, विदर्भातून, बिहार आणि उत्तर प्रदेशातून आलेली तरुण मुले एकेका खोलीत चौघे-पाचजण राहतात. काही विचारी माणसे म्हणतात की शेत गेले तेथे ऋतूही गेला, आणि ऋतू गेल्यावर उत्सव हा केवळ गर्दीचा आणि ध्वनिवर्धकांचा कार्यक्रम उरतो. त्यांची व्यथा खोटी नाही. पण मला त्यांचे अनुमान मान्य नाही. शेतकऱ्याला ऋतू आभाळ सांगते. कारखान्यातील मनुष्याला पहिली, दुसरी आणि तिसरी पाळी एवढाच कालविभाग उरलेला असतो, रात्रपाळीच्या आठवड्यात तर त्याचा सूर्योदयाशीसुद्धा संबंध राहत नाही, आणि भाद्रपद कोणता व माघ कोणता हे त्याला पगाराच्या चिठ्ठीवरून कळत नाही. ज्याच्या वर्षाला आकार उरलेला नाही त्याला तो देणारी तिथी अधिक लागते. गावी आईबाप आणि घरची पूजा सोडून आलेल्या मुलाला ही गरज बोलून दाखवता येत नाही, म्हणून ती नाही असे समजणे हे आपल्या धर्मबुद्धीला शोभत नाही.

पालखीच्या मार्गावर कोणाचा मान कोणता, हे गावागावांत पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असते, आणि ते मोडावे असे मी म्हणणार नाही. मान हा गावाच्या स्मृतीचा भाग आहे. परंतु मानाच्या रांगेला शेवट नसावा. देवाची मालकी जर आलेले सर्व बाहेर देण्यात असेल, तर त्याच्या यात्रेत कालच आलेल्या भाडेकरूला कडेला उभे राहून बघण्याचाच अधिकार उरणे म्हणजे शबरस्वामींचा आक्षेप आपण आपल्या हाताने खरा करणे होय: देवाच्या नावाने बोलायचे आणि विनियोग आपल्यापुरता ठेवायचा. विश्वस्तांना अन्नदानाची एक पंगत रात्रपाळी सुटण्याच्या वेळेला धरून ठेवता येईल. ग्रामपंचायतीला उत्सवाचे निमंत्रण चाळींच्या दारांवर हिंदीतही लावता येईल. कारखानदारांना चतुर्थीच्या दिवशी पाळ्या थोड्या सैल करता येतील.

आणि कारेगावच्या ज्या गृहस्थाने आपल्या जमिनीच्या मोबदल्यातून चाळ बांधली आहे, त्याला माझी हात जोडून विनंती आहे: येत्या भाद्रपदात पालखीला निघताना आपल्या खोल्यांची दारे वाजवा, आणि आत जो कोणी असेल त्याला बरोबर घेऊन चला.