आरसा कुणाच्या उंचीचा?

गवंड्यानं ओळंबा गुंडाळून ठेवला आणि विचारलं, "गुरुजी, आरसा किती उंचीवर घेऊ? तुम्ही जरा उभं ऱ्हावा, डोळ्यासमोर खूण करतो."

मी उभा राहिलो. त्यानं माझ्या डोळ्यांच्या रेषेत पेन्सिलीनं फुली मारली आणि दीड फुटी गोल आरसा त्या फुलीवर धरून दाखवला. मला माझा चेहरा अगदी मधोमध दिसला. मी "बरोबर आहे" म्हणणार, तेवढ्यात आई नवं बांधकाम बघायला आत आली. चार बाय सहाच्या त्या बाथरूममध्ये तिघं उभे राहिलो की हलायला जागा नाही. तिनं आरशाकडं मान वर करून पाहिलं आणि म्हणाली, "मला तर ह्यात नुसतं टकुरं दिसतंय रे. ऱ्हाऊ दे, मला आता काय करायचाय आरसा?"

गवंडी हसला. मलाही आधी हसूच आलं. नंतर ती फुली डोळ्यांत खुपायला लागली.

अणदूरच्या आमच्या जुन्या माळवदाच्या घरात न्हाणीत आरसा नव्हताच. न्हाणी म्हणजे परसातला एक आडोसा. त्यात एक सपाट दगड, बाजूला रांजण आणि उजेड झरोक्यातून येईल तेवढा. आमच्याकडं पाणी जपून वापरायचं, त्यामुळं तिथं रेंगाळायचा प्रश्नच नसे. आरसा होता तो सोप्यातल्या खांबावर, खिळ्याला अडकवलेला. वडील त्याच्यासमोर उभं राहून दाढी करायचे. खिळा त्यांच्याच उंचीला ठोकलेला होता. आईचा आरसा तिच्या फणेरपेटीच्या झाकणात होता, तळहाताएवढा. खाली बसायचं, पेटी उघडायची, वाकून कुंकू लावायचं आणि झाकण मिटायचं. घरात एवढ्या वर्षांत आरशावरून कधी वाद झाला नाही. वाद झाला नाही म्हणजे वाटणी बरोबर होती, असं मी समजत आलो होतो. खिळा कुणाच्या उंचीला ठोकलाय, यावरून त्या घरात कुणाचं चालतं ते कळतं, हे त्या पेन्सिलीच्या फुलीसमोर पहिल्यांदा लक्षात आलं.

शाळेत मी मुलांना प्रकाशाचे नियम शिकवत आलो. सपाट आरशात आपली पूर्ण उंची दिसायला आपल्या निम्म्या उंचीचा आरसा पुरतो. तो योग्य जागी मात्र हवा. मागं सरकलं की जास्त दिसतं, हा भ्रम आहे. कितीही मागं गेलात तरी त्या आरशात तुमचं अंग तेवढंच दिसणार. मग हेच गणित घरात का करू नये?

वही घेतली. माझी उंची ५ फूट ९ इंच. आईची ४ फूट ९ इंच. बायको दोघांच्या मधली आणि लेक दहा वर्षांची, ४ फूट ४ इंच. गवंड्याच्या फुलीवर आरसा बसवला असता तर त्याची खालची कड जमिनीपासून ४ फूट ७ इंचांवर आली असती. आईचे डोळे त्याहून खाली. प्रकाशाच्या हिशेबानं तिला त्यात ४ फूट ९ इंचांच्या वरचंच दिसणार, म्हणजे पदराची कड आणि मागची भिंत. ती म्हणाली ते तंतोतंत खरं होतं. तिनं वहीशिवाय सांगितलं, एवढाच फरक.

आता उलटा हिशेब. मला केस विंचरायला आरशाची वरची कड साधारण साडेपाच फुटांच्या थोडी वर हवी. लेकीला हनुवटी दिसायला खालची कड पावणेचार फुटांच्या आसपास हवी. म्हणजे दोन फूट उंचीचा उभा आरसा असला की सगळं घर त्यात मावतं. रुंदी दीड फूट पुरे. दुकानात आपण आरसा पसंत करताना त्याचा आकार बघतो, नक्षी बघतो, भिंतीवर शोभेल का ते बघतो. घरातली सगळ्यांत ठेंगणी आणि सगळ्यांत उंच व्यक्ती मोजायचं कुणाच्या मनात येत नाही.

गोल आरसा बदलून उभा आणला. मग जागेचा विचार. खिडकीच्या समोरच्या भिंतीवर लावला तर उजेड पाठीमागून येतो आणि चेहरा काळा पडतो. म्हणून खिडकीच्या बाजूची भिंत धरली, गालावर उजेड पडेल अशी. दिवा थेट डोक्यावर घेतला की डोळ्यांखाली सावल्या पडतात आणि माणूस उगाच आजारी दिसतो. तो बाजूला घेतला. नळाच्या फवाऱ्यापासून आरसा लांब ठेवला, कारण बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग एकदा काचेवर बसले की जाता जात नाहीत. चिकटवायला आंबट वासाचं सिलिकॉन वापरू दिलं नाही. ते आरशाच्या पाठीला खातं. पाठीमागं वारं खेळायला बोटभर फट ठेवली. ओल आधी कडांतूनच शिरते आणि कड काळी पडत जाते. आपण म्हणतो, पारा उडाला. खरं तर १८३५ साली जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग यांनी काचेवर चांदीचा थर चढवायची रीत शोधली आणि पुढं आरशातून पारा हळूहळू गेला. शब्द तेवढा राहिला. घरातल्या रीतींचंही असंच होतं. कारण उडून जातं आणि खिळा तिथंच राहतो.

लहान बाथरूम आरशामुळं मोठं दिसतं म्हणतात, ते खरं आहे. पण आरसा जागा दुप्पट करतो तशी बादली, ओले कपडे आणि फरशी घासायचा ब्रशही दुप्पट करतो. त्यामुळं त्याच्यासमोर काय येतंय, हेही बघावं लागलं.

हे सगळं करताना आमच्या खंडोबाची आठवण येत राहिली. देव एक आणि गावं दोन. वर्षातले सुमारे सव्वादहा महिने देव अणदुरात असतो आणि पावणेदोन महिने नळदुर्गाजवळच्या मैलारपुरात. पालखी निघते ती लेखी करार करून. देव किती दिवस कुणाकडं, परत कधी यायचं, हे दोन्ही गावं कागदावर लिहून घेतात. लहानपणी मला याचं नवल वाटायचं. देवाच्या कामात कागद कशाला? आता वाटतं, जुनी माणसं शहाणी होती. जे सगळ्यांचं असतं ते आपोआप सगळ्यांना मिळत नाही. ते मोजून, बोलून ठरवावं लागतं. नाहीतर ज्याचा हात वर पोचतो, त्याच्या खिळ्याला ते लटकतं.

दोन गावांना जे जमलं ते चार माणसांच्या घरात आम्ही कधी केलंच नव्हतं. कुणी अन्याय करायचा म्हणून केला असंही नाही. वडिलांनी खिळा ठोकताना आईकडं पाहिलं नसेल, इतकंच. मीही पाहिलं नव्हतं. ती त्या वेळी आत आली नसती तर ती फुली कायमची झाली असती आणि आईनं उरलेलं आयुष्य "मला काय करायचाय आरसा" म्हणत काढलं असतं. हे वाक्य आपण वैराग्य म्हणून ऐकतो. कधीकधी ते फक्त उंचीचं गणित असतं.

आरसा लागून आता दोन महिने झाले. वरच्या भागात माझ्या दाढीच्या फेसाचे शिंतोडे असतात. मधे बायकोनं चिकटवलेल्या दोन टिकल्या. खालच्या कोपऱ्यात लेकीनं वाफेवर बोटानं काढलेल्या चित्राचा माग. आणि रविवारी खंडोबाला जाऊन आलं की त्या चित्राच्या थोडं वर, बरोबर आईच्या डोळ्यांच्या उंचीला, भंडाऱ्याचं एक पिवळं बोट. कपाळावरचा भंडारा ती आता त्यात बघून सारखा करते.

करार तर झाला. आरसा पुसायची पाळी कुणाची, ते कलम अजून लिहायचं आहे.