वाटाण्याचा वेल



चाळिशी आली की पुष्कळांना वाटतं, आता नवं काय करणार? धुंडिराज गोविंद फाळके त्या वयात छापखान्यातून बाहेर पडले होते, भागीदाराशी बिनसलं म्हणून. त्याआधी चित्रकला झाली होती, गोध्र्यात फोटोग्राफी झाली होती, पुरातत्त्व खात्यातली नोकरी आणि जादूचे प्रयोगही. अशा माणसाला आपल्याकडे धरसोड्या म्हणतात. मग मुंबईत त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा एक मूकपट पाहिला आणि झपाटल्यासारखे रोज चित्रपट बघू लागले, अगदी डोळे दुखेपर्यंत. विम्याची पॉलिसी गहाण टाकून 1912 मध्ये ते लंडनला गेले, कॅमेरा घेऊन आले.

पण चित्रपटासाठी भांडवल कोण देणार? त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला. रोज त्याचं थोडं थोडं चित्रण केलं. महिनाभराची वाढ पडद्यावर काही क्षणांत दिसली: कोंब फुटला, पानं उलगडली, वेल वर चढला. ते पाहून पैसे मिळाले. माझ्या मते फाळक्यांचा खरा सिनेमा हाच. चित्रकाराची नजर, जादूगाराची गंमत, फोटोग्राफरचा हात, सगळी धरसोड त्या कुंडीत कामाला आली.

3 मे 1913 ला त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट मुंबईत प्रदर्शित झाला. त्यासाठी पत्नी सरस्वतीबाईंनी दागिने दिले, युनिटचा स्वयंपाक केला, फिल्मला भोकंही पाडली. त्यांना स्वतःला काय करावंसं वाटत होतं, हे मात्र कुणी विचारलं असेल का?