आजीची गोधडी आणि सोन्याचे मणी



आजचा श्लोक गीतेच्या सातव्या अध्यायातला सातवा. भगवंत अर्जुनाला सांगतात, माझ्यापलीकडे दुसरं काही नाही. दोऱ्यात मणी ओवावेत तसं हे सगळं माझ्यात ओवलेलं आहे. शाळेत असतानाच पाठ केला होता. थोडाफार कळला तो परवा, घर बदलताना.

टेम्पो यायचा होता. टाकून द्यायच्या कपड्यांच्या ढिगावर मी आजीची गोधडी ठेवली होती. जड, मशीनमध्ये न मावणारी, आणि खरं सांगायचं तर पाहुण्यांसमोर काढायची लाज वाटायची. आई काही बोलली नाही. ती उचलून गॅलरीच्या कठड्यावर उन्हात पसरली.

आजीच्या चंद्रकळेचा काळा, इरकलीच्या काठाचा लाल, बाबांच्या शाळेच्या चड्डीचा खाकी, मधेच माझ्या झबल्याचा फिका पिवळा. रंगसंगती वगैरे तिला कोणी शिकवली नव्हती. पण काळ्याला लागून तो पिवळा तिने मुद्दाम ठेवलाय, हे बघताक्षणी कळतं.

मग जवळ गेले. कडेपासून निघालेला धावदोरा चौकोनात फिरत फिरत आत जातो. बाहेरच्या ओळी बारीक, सरळ. मध्याकडे टाके मोठे होत जातात, वाकडे पडतात.

"मोतीबिंदू वाढला होता ना तेव्हा," आई म्हणाली. "सुई मी ओवून द्यायचे. टाका मात्र घालू द्यायच्या नाहीत."

ज्ञानेश्वरीत माउली या श्लोकाला फार गोड दृष्टान्त देतात: मणी सोन्याचे आणि ते ओवलेत तेही सोन्याच्याच सुतात. बंगालमध्ये बायका कांथा शिवायच्या तेव्हा जुन्या साडीच्या काठातलेच दोरे काढून त्यांनी शिवायच्या. कापड तेच, दोरा तोच! आजीचा दोरा मात्र बाजारच्या रिळाचा, पांढरा. (दृष्टान्त इथे जरा उसवतो, माउली सांभाळून घेतील.) पण लांबून मला नुसते तुकडे दिसत होते, दोरा दिसलाच नव्हता. रोज सकाळी मोबाइलवर श्लोक वाचणारी मी, आणि जिने मला पांघरून निजवलं तिच्या हातचं काम ढिगावर टाकून मोकळी झाले होते.

गोधडी आता नव्या घरी आलीय. एका कोपऱ्यात उसवलीय, म्हणून आईकडून धावदोरा शिकतेय. डोळे चांगले असूनही माझे टाके आजीच्या शेवटच्या टाक्यांपेक्षा वाकडे येतात.

उद्या आठवा श्लोक, पाण्यातल्या रसाचा. राम कृष्ण हरी!