लेकरे वाढविली ती भूमी

जन्मभूमीची माया मनुष्यास आयती मिळते. जेथे लेकरे वाढविली त्या भूमीची माया कष्टाने जडते. वडनेरच्या काळ्या जमिनीतील कापूस व तूर ह्यांवर आम्ही मुलांस वाढविले, शिकविले. आता तीच मुले हिंगणघाट-नागपूरची वाट धरितात. त्यांनी येथेच राहावे असा हट्ट आम्ही धरावा काय?

विनोबा भावे १८९५ साली कोकणातील गागोदे येथे जन्मले. १९२१ साली ते वर्ध्यास आले, व १९८२ साली पवनार येथेच त्यांनी देह ठेविला. दूरची भूमी अशी आपली होते, तर आमच्या मुलांसही दुसरी भूमी आपली होईल.

ह्या मातीचे ऋण आमचे आहे. ते आम्हीच फेडावे. बांधावर झाड लावावे, शेजाऱ्याच्या लेकरास अक्षर शिकवावे. मुलांस बांधून ठेविणारी माया ही माया नव्हे. तो लोभ होय.