पाचव्या दिवसाचे पऱ्हे

रोवणी झाली की पहिले दोन-तीन दिवस बांधीकडे पाहवत नाही. पऱ्हे, म्हणजे धानाची कोवळी रोपं, पिवळट, मान टाकलेले. नवख्याला वाटावं, गेलं पीक. घोट्याशी पाणी साचलेलं असतं आणि तरी ते आडवे होतात तहानेनंच. उपटताना कोवळी मुळं तुटलेली असतात. पाणी समोर आहे, पिता येत नाही. गोंदियाकडे आषाढ-श्रावणात सकाळी धुऱ्यावरून चालताना हे नेहमीचंच दृश्य.

धानाच्या पानात हाड नाही. त्याला उभं धरतं ते पाणीच. वाढलेल्या पेशीचा बहुतेक भाग एकट्या रिक्तिकेनं व्यापलेला असतो. ती भरली की पेशीभित्तिकेला आतून रेटते. भित्तिका चिवट, ती फुटत नाही. या रेटारेटीतून पान ताठ होतं. वर धान मातीतली सिलिका उचलून पानांच्या पेशींत साठवतं. निंदण करताना हातावर जे बारीक ओरखडे उठतात ते तिचेच.

शाळेत तक्ता पाठ केला होता. वनस्पतिपेशी: भित्तिका असते, हरितलवके असतात. प्राणिपेशी: नसते, नसतात. फरक स्पष्ट करा, दोन गुण. त्या ‘नसते’मुळे मला उगाच वाटायचं की वाटणीत आपल्याला कमी मिळालं.

पण रक्तातली तांबडी पेशी पाहा. भित्तिका नाहीच, आणि तयार होता होता ती आपलं केंद्रकसुद्धा टाकून देते, तंतुकणिकाही टाकते. आत जागा फक्त हिमोग्लोबिनला. सात-आठ मायक्रॉनची ही चकती स्वतःपेक्षा अरुंद केशवाहिनीतून अंग मुडपून जाते. ताठ असती तर पहिल्याच वळणावर अडकली असती. साधारण 120 दिवस ती असं वाकत-निसटत फिरते. मध्यम मुदतीचं धानही थोडं पुढेमागे तेवढ्याच दिवसांत कापणीला येतं.

आणि कापायला लागतो विळा. याच आकारावरून नाव पडलेला सिकलसेल आजार पूर्व विदर्भाला चांगला ठाऊक आहे, गोंदियाच्या गावांनाही. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत 146 दुवे असतात, त्यातला सहावा तेवढा बदललेला. प्राणवायू देऊन टाकला की असे रेणू एकमेकांना चिकटतात, त्यांचे लांब धागे बनतात आणि पेशी विळ्यासारखी ताठ होते. मग ती केशवाहिनीत अडकते, हाडं-सांधे ठणकायला लागतात. अशी पेशी 10 ते 20 दिवसच टिकते. पऱ्हे रोवण्याजोगे व्हायलाही याहून जास्त दिवस लागतात.

हा दोष एकाच पालकाकडून आला तर माणूस वाहक असतो, आणि त्याला जीवघेण्या मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं. हिवतापाच्या मुलखांत हा दोष पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिला तो त्यामुळे. दोन्हीकडून आला की मात्र आजार. लग्नाआधी दोघांच्या रक्ताचे चार थेंब तपासले तर हे कळतं. पत्रिकेतून कळत नाही.

सिकलसेलच्या रुग्णाला डॉक्टर पहिल्यांदा सांगतात ते औषधाचं नाव नसतंच कधीकधी. पाणी पीत राहा, गारठ्यात भिजू नका. शरीरातलं पाणी घटलं की पेशीतलं हिमोग्लोबिन दाट होतं, धागे लवकर जमतात. आता रोवणीच्या हंगामात हे पाळायचं कसं? दिवसभर वाकून, पाय चिखलात, पाठीवर पाऊस. सगळं अंग ओलं, आणि प्यायच्या पाण्याची कॅन दूर धुऱ्यावर. कामाच्या ओघात तिच्याकडे जायचं राहून जातं.

आज पाचवा दिवस. पऱ्ह्यांनी नवी पांढरी मुळं सोडली आहेत. कडेचे थोडे अजून लोळताहेत, मधल्यांनी माना वर केल्या आहेत.