शेवटचे पाच फूट

25 मे 1955 रोजी जॉर्ज बँड आणि जो ब्राउन कांचनगंगेच्या माथ्यापाशी पोहोचले. शेवटचा कातळ ब्राउन एका भेगेतून चढून गेला होता. समोर वीसेक फुटांवर बर्फाचा लहानसा उंचवटा होता, उभे होते तिथून जेमतेम पाच फूट उंच. दोघे तिथूनच फिरले. सिक्कीमचे लोक या पर्वताला आपला रक्षणकर्ता मानतात. माथ्यावर पाय ठेवणार नाही, असा शब्द मोहिमेचे नेते चार्ल्स इव्हान्स यांनी चोग्याल राजांना दिला होता. दुसऱ्या दिवशी आलेल्या हार्डी आणि स्ट्रेदर यांनीही तो पाळला. आज भारतातलं सर्वोच्च असलेल्या या 8586 मीटर उंचीच्या शिखराची पहिली चढाई ही अशी. तिला अपुरी म्हणावं का, हा प्रश्न गिर्यारोहणापेक्षा धर्माचा आहे, आणि माझं उत्तर ‘नाही’ असं आहे.

अख्खा डोंगर तुडवल्यावर पाच फुटांपुरतं सोवळं कसलं, असं कुणी विचारील. आक्षेप हलका नाही. देव काही माथ्यापुरता नसतो. पण पंढरपुरात वारकरी देऊळभर चालतो आणि नामदेव पायरीवर मात्र पाय पडू देत नाही. खरं तर पायरी असते पाय ठेवण्यासाठीच! बाकीच्या फरशीवर तो चालला म्हणून त्या एका पायरीचा मान खोटा ठरत नाही. शिवाय पायथ्याशी संयम फुकटचा असतो. प्राणवायूच्या नळकांड्या पाठीवर वाहून आणल्यावर, समोर पाच फूट उरले असताना थांबणं, याला किंमत पडते.

मग कळसूबाईचं काय? तिथे देऊळच माथ्यावर आहे, लोखंडी शिड्या चढून लोक ओटी भरायला जातात. तिथे चढणं हीच भक्ती, कारण ज्यांची देवी तेच वर चढून तिला पुजतात. म्हणजे स्थानिकांची रीत प्रमाण. पण मग जपानच्या सर्वोच्च फुजी पर्वतावर 1872 पर्यंत बायकांना असलेली मनाईही मान्य करायची का? नाही. ती मनाई माणसामाणसांत भेद करत होती. कांचनगंगेची मर्यादा राजालाही होती आणि परक्यालाही. रीत सगळ्यांना सारखी बांधते का, एवढं तरी तपासावंच लागतं.

सिक्कीम 1975 मध्ये भारतात सामील झालं आणि चोग्यालांची गादी गेली. शब्द मागणारं कुणी उरलं नव्हतं. तरी 1977 मध्ये कर्नल नरेंद्र कुमार यांच्या नेतृत्वाखाली सिक्कीमच्या बाजूने चढलेली भारतीय सैन्याची तुकडीही माथ्याच्या काही फूट खालीच थांबली.